केनिया आणि पूर्व आफ्रिकी समुदाय: कबूल किती केलं, अमलात किती आणलं?

प्रादेशिक एकत्रीकरण म्हटलं की शिखर परिषदेतले हात उंचावलेले फोटो आठवतात. खरी कथा कस्टमच्या खिडकीवर, वजनकाट्यावर आणि अर्थमंत्र्यांच्या जून महिन्यातल्या याद्यांमध्ये असते. केनियाच्या बाबतीत नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे घेतले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण मामलाच तसा आहे.

पूर्व आफ्रिकी समुदाय म्हणजे काय? केनियाने त्यात नेमकं काय कबूल केलं आहे?

पूर्व आफ्रिकी समुदाय, म्हणजेच ईएसी, हा आज आठ देशांचा गट आहे: केनिया, युगांडा, टांझानिया, रवांडा, बुरुंडी, दक्षिण सुदान, काँगो लोकशाही प्रजासत्ताक आणि सोमालिया. मुख्यालय टांझानियातल्या आरुशा शहरात आहे. स्थापनेच्या करारावर केनिया, युगांडा आणि टांझानिया यांनी 30 नोव्हेंबर 1999 रोजी सह्या केल्या आणि 7 जुलै 2000 पासून तो लागू झाला.

पायऱ्या चार. आधी सीमाशुल्क संघ: आपसात शुल्क नाही, बाहेरच्या मालावर सगळ्यांचं सारखं शुल्क. मग सामायिक बाजारपेठ: माल, माणसं, सेवा आणि भांडवल यांना मोकळी वाट. तिसरी पायरी एका चलनाची आणि शेवटी राजकीय संघराज्य. पहिली पायरी 1 जानेवारी 2005 पासून आणि दुसरी 1 जुलै 2010 पासून कागदावर लागू आहे. तिसरीच्या करारावर 30 नोव्हेंबर 2013 रोजी सह्या झाल्या. चौथीबद्दल बोलायचं तर 2017 मध्ये नेत्यांनी संघराज्याआधी ‘महासंघ’ हा मधला टप्पा स्वीकारला. त्यावर इथे वेळ घालवण्यात अर्थ नाही.

असा समुदाय आधी एकदा मोडला होता ना?

हो, 1977 मध्ये, आणि त्याची आठवण आजही प्रत्येक वाटाघाटीत टेबलाखाली बसलेली असते.

पहिला समुदाय 1967 चा. तेव्हा रेल्वे, बंदरं, टपाल, अगदी विमान कंपनीसुद्धा तिन्ही देशांची सामायिक होती. पण कारखाने नैरोबीच्या आसपास, त्यामुळे मलई केनिया खातो ही तक्रार कायम. टांझानियाची वाट समाजवादाची, केनियाची बाजाराची. त्यात 1971 मध्ये युगांडात इदी अमीनने सत्ता बळकावली आणि टांझानियाचे अध्यक्ष न्येरेरे त्याच्याशी एका टेबलावर बसायला तयार नव्हते. समुदाय फुटला, सामायिक विमान कंपनी बंद पडली, केनियाने त्याच वर्षी स्वतःची कंपनी काढली आणि टांझानियाने केनियाची सीमा बंद केली. ती उघडायला 1983 उजाडलं आणि मालमत्तेच्या वाटणीचा करार व्हायला 1984.

म्हणूनच 2005 मध्ये सुरुवात करताना केनियाने एक गोष्ट मान्य केली. युगांडा आणि टांझानियाचा माल केनियात पहिल्या दिवसापासून शुल्काविना येईल. केनियाच्या ठरावीक मालावर मात्र ते दोघे पाच वर्षं उतरत्या दराने शुल्क लावत राहतील. मोठ्या भावाने थोडं थांबायचं, असा हा सौदा. केनियाने तो पाळला आणि 2010 पासून अंतर्गत शुल्क शून्यावर आलं.

म्हणजे सीमाशुल्क संघाचं काम पूर्ण झालं म्हणायचं?

अंतर्गत शुल्काच्या बाबतीत, हो. बाहेरच्या मालावरच्या ‘समान’ शुल्काच्या बाबतीत मात्र ‘समान’ हा शब्द जरा जपून वापरावा लागतो.

सुरुवातीला दर तीन होते: कच्च्या मालावर शून्य, अर्धवट तयार मालावर 10 टक्के आणि तयार मालावर 25 टक्के. 1 जुलै 2022 पासून 35 टक्क्यांचा चौथा थर आला. कापड, दुग्धजन्य पदार्थ, खाद्यतेल, फर्निचर, चामड्याच्या वस्तू, पोलाद असा जो माल आपल्याकडे बनतो असं या देशांना वाटतं, तो त्यात गेला. वर ‘संवेदनशील’ मालाची वेगळी यादी आहे: साखर 100 टक्के, तांदूळ 75 टक्के, गहू 35 टक्के.

आता गंमत पाहा. केनियात तांदूळ पिकतो, पण पुरत नाही. गव्हाचंही तेच. म्हणून केनिया समुदायाकडून सवलत मागून घेतो: तांदळावर 75 ऐवजी 35 टक्के, गव्हावर 35 ऐवजी 10 टक्के. नियमांत याला जागा आहे. समान दर काही काळ बाजूला ठेवून आपला दर लावायची परवानगी मंत्र्यांची परिषद देते आणि ती राजपत्रात छापून येते. मुदत सहसा एक वर्षाची. एक वर्ष संपतं, परवानगी पुन्हा मिळते. तात्पुरती म्हणून घेतलेली सूट अशी वर्षानुवर्षं चालते. आणि केनिया एकटा नाही, सगळेच मागतात.

त्यात बिघडतं काय? प्रत्येकाने आपली सोय पाहिली तर?

गोळ्या-चॉकलेटांचं उदाहरण घ्या.

केनियातले मिठाईचे कारखाने बाहेरून औद्योगिक साखर आणतात, तीही सवलतीच्या शुल्काने. तिच्यापासून बनवलेल्या गोळ्या, च्युइंगगम, आइस्क्रीम टांझानियाच्या सीमेवर गेले की तिकडचा अधिकारी म्हणतो, तुमची साखर स्वस्तात आलेली आहे, आमच्या कारखान्यांना ती सवलत नाही, तेव्हा हा माल समुदायाचा धरणार नाही. 25 टक्के भरा. केनियाचा कारखानदार म्हणतो, माल इथेच बनल्याचा उत्पत्तीचा दाखला आहे, शुल्क शून्यच हवं. आपापल्या जागी दोघांचंही म्हणणं चुकीचं नाही. या वादाने वर्षं खाल्ली.

बाहेरचं शुल्क प्रत्येकाचं वेगळं असेल, तर आतला माल ‘आपला’ की ‘बाहेरून शिरलेला’ हे तपासावंच लागतं. तपासायचं म्हटलं की दाखले, शिक्के आणि अधिकारी आले. म्हणजे जे काढायला निघालो होतो तेच सगळं परत आलं.

सीमेवर प्रत्यक्ष काही बदललं का?

बदललं, आणि केनियाच्या खात्यात सगळ्यात ठळकपणे जमा धरावं असं काम हेच आहे.

मोंबासा बंदर हे युगांडा, रवांडा, दक्षिण सुदान आणि पूर्व काँगो या सगळ्यांचं दार. पूर्वी युगांडाचा कंटेनर मोंबासाहून ‘ट्रान्झिट’, म्हणजे केनियातून फक्त पुढे जाणारा माल, म्हणून निघायचा, सीमेवर थांबायचा, शुल्क युगांडाच्या राजधानीत, कंपालात, भरलं जायचं. वाटेत माल ‘गळायचा’, म्हणजे युगांडाच्या नावाने आलेली साखर नैरोबीच्या बाजारात उतरायची. 2014 पासून एकच सीमाशुल्क क्षेत्र ही पद्धत आली. युगांडाचे महसूल अधिकारी मोंबासातच बसतात. शुल्क तिथेच भरायचं, मगच माल बंदराबाहेर. मोंबासा ते कंपाला ज्या प्रवासाला 18 दिवस लागत, तो 4 दिवसांवर आल्याचं समुदायाने तेव्हा अभिमानाने सांगितलं. 2017 मध्ये केनिया, युगांडा आणि रवांडा यांनी कंटेनरला इलेक्ट्रॉनिक सील लावून तिन्ही देशांत एकत्र माग ठेवायला सुरुवात केली.

दुसरी सुधारणा एक-थांबा सीमाचौकीची. बुसिया हे गाव अर्धं केनियात, अर्धं युगांडात. पूर्वी ट्रक आधी केनियाच्या रांगेत, मग मधल्या पट्ट्यात, मग युगांडाच्या रांगेत. आता युगांडाकडे जाणारा ट्रक केनियाच्या बाजूला थांबत नाही. तो थेट युगांडाच्या आवारात जातो आणि तिथे एकाच दालनात केनियाचा अधिकारी ‘बाहेर पडला’ हा शिक्का मारतो, शेजारच्या खिडकीतला युगांडाचा अधिकारी ‘आत आला’ हा. येताना याच्या उलट. बुसियाच्या चौकीचं औपचारिक उद्घाटन फेब्रुवारी 2018 मध्ये केनियाचे तेव्हाचे अध्यक्ष केन्याट्टा आणि युगांडाचे अध्यक्ष मुसेवेनी यांनी केलं. टांझानियाच्या सीमेवर नमांगाचं त्याच वर्षी डिसेंबरमध्ये केन्याट्टा आणि टांझानियाचे तेव्हाचे अध्यक्ष मागुफुली यांनी.

अर्थात इमारत बांधली म्हणून रांग संपते असं नाही. 2020 मध्ये करोना चाचणीसाठी ड्रायव्हरांना अडवल्यावर युगांडाच्याच सीमेवरच्या मलाबा चौकीवर ट्रकांची रांग कित्येक किलोमीटर मागे गेली होती. संगणक प्रणाली बंद पडली तरी तेच होतं.

डोक्यावर टोपली घेऊन सीमा ओलांडणाऱ्या छोट्या व्यापाऱ्यांचं काय?

त्यांच्यासाठी सोपी पद्धत आहे. 2,000 डॉलरपर्यंतचा, समुदायातच तयार झालेला आणि ठरलेल्या यादीतला माल असेल तर साधा उत्पत्तीचा दाखला सीमेवरच मिळतो, एजंट लागत नाही, आयातशुल्क शून्य. यात बहुतांश बायका आहेत; माल टोमॅटो, सुकी मासळी, घेवडा, अंडी असा.

तरीही बुसियाच्या आसपास ‘पान्या’ वाटा गजबजलेल्या असतात. स्वाहिलीत पान्या म्हणजे उंदीर. शेतातून, घरांच्या मागून जाणाऱ्या या चोरवाटा. आयातशुल्क शून्य असलं तरी व्हॅट आहे, आरोग्य खात्याचा कागद आहे, आणि नियम काय आहे हेच कुणी नीट सांगितलेलं नाही. पोलिसाला पन्नास-शंभर शिलिंग देऊन बोडाबोडावर, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलवर, माल पलीकडे जातो. माझ्या मते केनियाच्या अंमलबजावणीतली सगळ्यात स्वस्तात भरून निघेल अशी त्रुट हीच: खिडकीवर दरपत्रक स्वाहिलीत आणि स्थानिक भाषांत लावलं तरी अर्ध्या पान्या वाटा ओस पडतील.

शुल्क नाही, मग मका आणि दूध का अडतं?

शुल्क लावता येत नाही म्हणूनच. शुल्काचं हत्यार काढून घेतलं की आरोग्य, दर्जा आणि परवाना ही हत्यारं बाहेर येतात. यांना बिगरशुल्क अडथळे म्हणतात. ते दूर करण्याचा समुदायाचा स्वतंत्र कायदाही 2017 पासून आहे.

मार्च 2021 मध्ये केनियाने युगांडा आणि टांझानियाच्या मक्यावर बंदी घातली. कारण दिलं अफ्लाटॉक्सिन या बुरशीजन्य विषाचं. कारण खोटं नव्हतं. अफ्लाटॉक्सिनने केनियात पूर्वी माणसं दगावली आहेत. पण केनियाच्या स्वतःच्या मक्यातही ते सापडतं, आणि बंदी एका पत्राने रातोरात आली. शेकडो पोती घेतलेले ट्रक सीमेवर अडकले. काही दिवसांतच बंदी उठली आणि तिच्या जागी अटी आल्या: आयातदाराची नोंदणी आणि प्रत्येक खेपेबरोबर प्रमाणपत्र. हीच अट आधी टाकून तयारीला महिनाभर दिला असता तर भांडण झालंच नसतं.

दुधाचं प्रकरण अधिक उघड आहे. युगांडात दूध भरपूर आणि स्वस्त. ते केनियात आलं की इथल्या शेतकऱ्याचा भाव पडतो आणि दूध उत्पादक भागांतले खासदार ओरडू लागतात. मग कधी युगांडाच्या दुधाचे ट्रक जप्त, कधी परवाने रोखलेले, कधी भुकटीच्या आयातीला थांबा. केनिया स्वतः युगांडात सिमेंट, पोलाद, साबण आणि खाद्यतेल विकतो; आफ्रिकेत त्याचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक युगांडाच. गिऱ्हाइकाचं दूध नासवून आपलं तेल खपवायचं, हे किती दिवस चालणार, असा प्रश्न कंपालात विचारला जातो आणि तो रास्त आहे.

टांझानियाशीच इतकं का वाजतं?

दोघे जवळपास सारखाच माल बनवतात आणि जुना संशय जात नाही. 2017 च्या अखेरीस टांझानियाने सीमा ओलांडून चरायला आलेली केनियाच्या मसाईंची 1,300 च्या आसपास गुरं लिलावात काढली आणि पाठोपाठ नमांगाला केनियातून आलेली 6,400 कोंबडीची पिल्लं बर्ड फ्लूच्या भीतीने जाळली. त्या पिल्लांचा विषय केनियात अजून निघतो. 2020 मध्ये करोनावरून विमानांची बंदी झाली. मे 2021 मध्ये अध्यक्ष सामिया सुलुहू हसन नैरोबीला आल्या तेव्हा बरंच निवळलं आणि अडथळ्यांची यादी करून एकेक काढायचं ठरलं. तरी जानेवारी 2024 मध्ये पुन्हा विमानांवरून ताणलं गेलं, आणि जुलै 2025 मध्ये टांझानियाने परदेशी लोकांना ठरावीक छोट्या धंद्यांतून मनाई केल्यावर केनियाने निषेध केला. इथे केनियाची बाजू भक्कम वाटते, कारण सामायिक बाजारपेठेच्या करारात शेजाऱ्याचा नागरिक ‘परदेशी’ धरायचा नसतो.

माणसांना खरंच मोकळेपणाने जाता येतं का?

प्रवासाला, हो. जानेवारी 2014 पासून केनिया, युगांडा आणि रवांडाचे नागरिक एकमेकांकडे फक्त राष्ट्रीय ओळखपत्रावर जाऊ शकतात. त्याच वर्षी या देशांमधल्या फोन कॉलचे रोमिंग दरही उतरवले गेले.

काम करायला मात्र परवाना लागतोच. ईएसीच्या नागरिकाला केनियात त्याचं शुल्क माफ आहे, कागद माफ नाहीत. लेखापाल, वास्तुविशारद, अभियंते आणि पशुवैद्य यांच्या पदव्या परस्पर मान्य करण्याचे करार झाले आहेत.

जमिनीबाबत गैरसमज फार आहेत. केनियाच्या 2010 च्या राज्यघटनेतलं कलम 65 सांगतं की बिगरनागरिकाला जमीन फक्त भाडेपट्ट्याने, तीही जास्तीत जास्त 99 वर्षांसाठी. युगांडाचा शेजारी असो वा युरोपातला गुंतवणूकदार, दोघांना नियम एकच. सामायिक बाजारपेठेच्या करारानेही जमीन ज्या त्या देशाच्या कायद्यावर सोडली आहे.

केनियाने युरोपशी एकट्यानेच करार कसा केला? संघाचा भाग असताना चालतं का?

काटेकोर बघितलं तर सीमाशुल्क संघाने बाहेरच्यांशी मिळून बोलायचं असतं. तसं झालंही होतं. युरोपीय संघाशी समुदायाच्या वाटाघाटी 2014 मध्ये पूर्ण झाल्या. 2016 मध्ये केनिया आणि रवांडाने सह्या केल्या. बाकीचे मागे राहिले. त्यांची घाई नसणं समजण्यासारखं आहे: ते अल्पविकसित देश असल्याने युरोपात त्यांचा माल तसाही शुल्काविना जातो. केनिया त्या वर्गात बसत नाही; करार नसेल तर त्याच्या फुलांवर आणि घेवड्यावर शुल्क पडणार.

शेवटी फेब्रुवारी 2021 च्या शिखर परिषदेत ज्याला जमेल त्याने पुढे व्हावं, ही मुभा मिळाली. केनियाने 18 डिसेंबर 2023 रोजी सही केली आणि 1 जुलै 2024 पासून करार लागू झाला. बाकीच्यांना दार उघडं आहे. पण युरोपचा माल केनियात टप्प्याटप्प्याने स्वस्त शुल्काने येणार आणि शेजारी पूर्ण शुल्क लावणार, म्हणजे गोळ्या-चॉकलेटांचा वाद मोठ्या आकारात पुन्हा दारात. यावर सीमेवरचा अधिकारी काय करणार, हे अजून कुणी नीट मांडलेलं नाही.

करार मोडला तर दाद कुठे मागायची?

आरुशाला पूर्व आफ्रिकी न्यायालय आहे, 2001 पासून. देश सहसा एकमेकांना तिथे खेचत नाहीत, पण डिसेंबर 2023 मध्ये युगांडाने केनियाला खेचलं, तेही इंधनावरून. केनियाने त्या वर्षी आखाती सरकारी कंपन्यांकडून उधारीवर तेल घ्यायची पद्धत सुरू केली होती. युगांडाचं म्हणणं होतं की मधल्या केनियाई दलालांमुळे आपल्याला तेल महाग पडतं, तेव्हा आमची राष्ट्रीय कंपनी थेट आयात करेल. केनियाच्या नियामकाने तिला परवाना दिला नाही. निकाल लागण्याआधीच दोन्ही अध्यक्षांनी मिटवलं आणि जुलै 2024 पासून युगांडाची कंपनी मोंबासामार्गे स्वतःचं तेल आणू लागली. न्यायालयाचा उपयोग झाला, पण निकालासाठी नव्हे, दबावासाठी.

नवे सदस्य आल्याने केनियाचा फायदा काय?

काँगो 2022 मध्ये आला तेव्हा केनियाच्या बँका आधीच तिथे पोचत होत्या. इक्विटी आणि केसीबी या दोघींनी तिथल्या बँका विकत घेतल्या. सोमालिया 2024 चा. दोघांनाही समान शुल्काचे नियम पूर्ण लागू करायला वेळ लागेल.

एकच चलन कधी येणार?

मूळ तारीख 2024 होती. आता 2031 म्हणतात.

अटी चार आहेत: महागाई 8 टक्क्यांच्या आत, वित्तीय तूट (अनुदानं धरून) जीडीपीच्या 3 टक्क्यांच्या आत, कर्ज वर्तमान मूल्याने (म्हणजे पुढे फेडायची रक्कम आजच्या किमतीत मोजून) जीडीपीच्या 50 टक्क्यांच्या आत आणि परकीय गंगाजळी साडेचार महिन्यांच्या आयातीला पुरेल इतकी. महागाईत आणि गंगाजळीत केनिया सध्या बसतो. तूट मात्र 5 टक्क्यांच्या वर आणि कर्ज 60 च्या पुढे. त्यातही 2023 मध्ये केनियाने स्वतःच्या कायद्यात कर्जाचं लक्ष्य 55 टक्के ठरवलं, वर 5 टक्क्यांची मोकळीक. म्हणजे देशाचं स्वतःचं लक्ष्य गाठलं तरी समुदायाची अट मोडलेलीच राहील.

तूट कमी करायची तर कर वाढवायचे किंवा खर्च कापायचा. जून 2024 मध्ये कर वाढवणारं वित्त विधेयक आणल्यावर तरुण रस्त्यावर उतरले, 25 जूनला लोक संसदेत घुसले, गोळीबारात माणसं गेली आणि अध्यक्ष रुटो यांना विधेयक मागे घ्यावं लागलं. आरुशातल्या तक्त्यातला 3 टक्क्यांचा आकडा नैरोबीच्या रस्त्यावर काय किमतीला पडतो, हे त्या आठवड्यात दिसलं.

मला अंमलबजावणीवर नजर ठेवायची असेल तर काय वाचू?

शिखर परिषदेचं निवेदन वाचलं नाही तरी चालेल. जूनमध्ये केनिया, युगांडा, टांझानिया आणि रवांडा यांचे अर्थसंकल्प सहसा एकाच दिवशी मांडले जातात. त्यानंतर 1 जुलैच्या आसपास समुदायाचं राजपत्र निघतं. त्यात समान शुल्कापासून कोणत्या देशाने कोणत्या मालावर सूट घेतली याची तक्तेवार यादी असते. केनियाचा तक्ता काढायचा, गेल्या वर्षीच्या शेजारी ठेवायचा आणि ओळी मोजायच्या. गहू आणि तांदूळ कुठे आहेत ते आधी पाहा.